टीममध्ये वाद होऊ द्या, पण कामावरून

नव्यानं टीम लीड झालेली मुलंमुली ऐरोलीच्या ऑफिसात माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: "ताई, टीममध्ये फार वाजतंय. कसं थांबवू?" मी उलट विचारते, कशावरून वाजतंय? कोण कोणाशी भांडतंय हे त्यांना तोंडपाठ असतं. कशावरून, हे मात्र नीट कुणी पाहिलेलं नसतं. लीडचं काम तिथून सुरू होतं.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात, म्हणजे वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, बेलापूरपर्यंत, एकसारख्या माणसांची टीम मिळणं कठीणच. बदलापूरहून येणारी टेस्टर, इंदूरहून आलेला बॅकएंडवाला (सर्व्हरकडचा कोड लिहिणारा), कोईमतूरची फ्रंटएंडवाली (स्क्रीनवर दिसणारा भाग करणारी), घणसोलीत चार जणांत खोली घेऊन राहणारे फ्रेशर, आणि बँकेतली नोकरी सोडून आयटीत आलेला बिझनेस ॲनॅलिस्ट. शिक्षण वेगळं, भाषा वेगळी, घरी पोचायची वेळ वेगळी. अशा टीममध्ये खटके उडणारच. ते खटके कुठल्या प्रकारचे आहेत हे ओळखता आलं की निम्मी लढाई जिंकली.

आधी वाद ओळखा

कॅरन जेन या संशोधक बाईंनी १९९५ साली टीममधल्या वादाचे दोन प्रकार नीट वेगळे करून दाखवले: कामावरून होणारा वाद आणि माणसावरून होणारा वाद. पुढे तिसरा प्रकार त्यात आला, काम कुणी, कधी, कसं करायचं यावरून होणारा. हे तीन डोक्यात पक्के ठेवा. "डेटाबेसमध्ये ही रक्कम पैशांत साठवायची की रुपयांत?" हा पहिला. "याला कशातलं काही कळत नाही" हा दुसरा. "दर वेळी रात्रीचा कॉल मीच का घ्यायचा?" हा तिसरा.

कामावरचा वाद चांगला असतो, असं सगळे सांगतात. ते तितकं सरळ नाही. २००३ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात कामावरचा वादसुद्धा टीमच्या कामगिरीला मारकच दिसला. २०१२च्या आणखी मोठ्या आढाव्यात खरी गोम कळली. कामावरचा वाद माणसांवर घसरत नाही, अशा टीममध्ये तो फायद्याचा ठरण्याची शक्यता जास्त असते. खास सॉफ्टवेअर टीमवरचा २००७चा एक अभ्यास आहे, तोही याच दिशेनं बोलतो. ज्ञान वेगवेगळं असलेल्या टीममध्ये कामावरचे वाद वाढले आणि काम सुधारलं. मूल्यं वेगवेगळी असलेल्या टीममध्ये माणसांवरचे वाद वाढले आणि काम बिघडलं.

मला हे पटतं, कारण रोज हेच दिसतं. वाद कामावरून माणसावर घसरायला किती वेळ लागतो? कधी कधी एक वाक्य. लीडनं पहारा द्यायचा तो त्या एका वाक्यावर.

एक वाद जवळून

कर्जाचे हप्ते वसूल करणाऱ्या एका प्रणालीवर आम्ही काम करत होतो. ग्राहक मोबाइलवरून यूपीआयनं हप्ता भरतो, आपला सर्व्हर बँकेला विचारतो, बँक उत्तर देते. आमच्या बॅकएंडच्या मुलानं दोन स्टेटस ठेवले होते: यशस्वी आणि अयशस्वी. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर अयशस्वी, आणि ग्राहकाला "पुन्हा प्रयत्न करा" असं बटण. रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे क्लायंटच्या लेखी मागणीत, दोनच स्टेटस होते, त्यामुळे त्याच्या बाजूनं काम चोख होतं.

टेस्टरनं ते तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, परत पाठवलं. ती आयटीत यायच्या आधी एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची, संध्याकाळी रोकड जुळवायची. तिचं म्हणणं असं: "उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं नाही. खात्यातून कापले गेले असतील आणि निरोप वाटेत अडकला असेल. माणूस पुन्हा बटण दाबणार, हप्ता दोनदा कापला जाणार, आणि दुसऱ्या दिवशी हिशोब जुळणार नाही." तिला तिसरा स्टेटस हवा होता, प्रलंबित. त्याच व्यवहार क्रमांकानं बँकेकडे पुन्हा चौकशी करायची, आणि उत्तर येईपर्यंत नवा व्यवहार सुरूच होऊ द्यायचा नाही.

तो म्हणाला, हे स्कोपमध्ये नाही, रिलीज जवळ आलंय. ती म्हणाली, ग्राहकाचे पैसे स्कोपमध्ये आहेत ना? फ्रंटएंडच्या मुलीनं मध्येच विचारलं, प्रलंबित असताना स्क्रीनवर काय दाखवायचं? नुसतं चक्र फिरत राहिलं तर माणूस ॲप बंद करून परत उघडेल. हा प्रश्न त्या दोघांनाही सुचला नव्हता. आवाज चढले होते, पण प्रत्येक वाक्यानं काम पुढं जात होतं. अशा वेळी लीडनं तोंड उघडायचं नाही. मी फक्त बोर्डवर तिन्ही मुद्दे लिहीत होते.

मग ते वाक्य आलं. "तुम्ही काउंटरवर होतात, तुम्हाला कोडिंगमधलं काय कळणार?"

इथं लगेच बोलायचं, आणि थोडक्यात बोलायचं. मी एवढंच म्हटलं: "ती आधी कुठं होती हा मुद्दा नाही. तुझा मुद्दा वेळेचा आहे ना? तो बोर्डवर घे. तिसऱ्या स्टेटसला किती दिवस लागतील ते सांग." सगळ्यांसमोर झापलं नाही, कारण झापलं की तो आणखी हट्टाला पेटतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. ते वाक्य कानाआडही केलं नाही, कारण मग टीमला कळतं की इथं असं बोललेलं चालतं.

मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी त्याला वेगळं घेऊन बसले. उद्यावर ढकलू नका. रात्रभरात तो प्रसंग दोन्ही घरी सांगून होतो आणि सकाळी दोघंही मनात धरून येतात. काय बोलायचं ते आधी ठरवून जा: काय ऐकलं, त्यानं काय झालं, पुढं काय हवंय. "तू काउंटरबद्दल बोललास. ती त्यानंतर गप्प झाली, आणि तिला माहीत असलेलं आपल्याला लागणार आहे. उद्या तिच्याशी स्वतःहून बोल." त्याचा स्वभाव, त्याचे जुने प्रसंग यातलं काहीही काढायचं नाही. टेस्टरशीही वेगळं बोलले. तिला "मनावर घेऊ नकोस" म्हटलं नाही. हे वाक्य लीडनं कधीच वापरू नये. ज्याला लागलंय त्यालाच कामाला लावणारं वाक्य आहे ते. तिला विचारलं, तिसऱ्या स्टेटसची टिपण तुम्ही दोघं मिळून लिहाल का? लिहिली. त्यावर दोघांचीही नावं होती, तिचं आधी.

प्रलंबित हा स्टेटस त्याच रिलीजमध्ये गेला. त्यासाठी एक रिपोर्ट पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याला, ढकलावा लागला, आणि क्लायंटला ते कारणासकट आधीच कळवलं.

कोड रिव्ह्यूची भाषा

लेखी वाद तोंडी वादापेक्षा लवकर पेटतो, कारण त्यात आवाज ऐकू येत नाही. "हे असं का केलंय?" हे सहज विचारलेलं वाक्य रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यानं आपला कोड तपासून लिहिलेल्या शेऱ्यांत, वाचताना झापल्यासारखं वाटतं. त्यात समोरच्याची इंग्रजी आणि आपली इंग्रजी दोन्ही मोडकी असली, तर तुटकपणा आणखी वाढतो.

आमच्याकडे प्रत्येक कमेंटच्या सुरुवातीला तीनपैकी एक शब्द लिहायचा नियम आहे: अडकाव, सुचवण, प्रश्न. अडकाव म्हणजे हे बदलल्याशिवाय कोड मर्ज होणार नाही, मुख्य कोडमध्ये जाणार नाही, आणि त्याचं कारण लिहिलंच पाहिजे. सुचवण मानायची की नाही हे कोड लिहिणाऱ्यानं ठरवायचं. प्रश्न म्हणजे खरोखर प्रश्न. एवढ्यानं निम्मी धुसफूस कमी होते, कारण "हिला माझा कोड आवडला नाही" आणि "हिला यात बग दिसला" या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. दुसरा नियम: एकाच मुद्द्यावर तिसरं उत्तर लिहायची वेळ आली की टायपिंग थांबवा आणि उठून त्याच्या डेस्कवर जा, किंवा फोन करा. ठरलं ते परत येऊन कमेंटमध्ये दोन ओळींत लिहा, म्हणजे जे तिथं नव्हते त्यांनाही कळतं.

स्पेस की टॅब, कंस कुठल्या ओळीवर, असल्या गोष्टींवर माणसांनी भांडायचंच नाही. कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा फॉरमॅटर लावा, विषय संपला.

टीम कुठं चिरते ते बघा

लाउ आणि मर्निघन या संशोधकांनी १९९८ साली एक फार कामाची गोष्ट मांडली. टीममध्ये फरक किती आहेत यापेक्षा ते एकाच रेषेवर येतात का, हे जास्त महत्त्वाचं. भूगर्भातल्या भेगेसारखी ती रेषा असते. एरवी दिसत नाही, ताण आला की तिथंच जमीन फाटते.

नवी मुंबईत ही रेषा कशी तयार होते ते सांगते. समजा, टीममधल्या सगळ्या टेस्टर मराठी बायका आहेत, डोंबिवली-कल्याणकडून येणाऱ्या, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरनं ऐरोलीला उतरणाऱ्या. सगळे डेव्हलपर बाहेरून आलेले, खारघर-घणसोलीत राहणारे, अविवाहित मुलगे. काम, भाषा, लिंग, वय, गाडी, डबा खायची वेळ, सगळ्याची रेषा एकच! आता एक बग प्रोडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीत, गेला की तो कुणाचा, हा प्रश्न "आपण" आणि "ते" असा होणार. याच टीममध्ये दोन टेस्टर बाहेरच्या असत्या आणि दोन डेव्हलपर डोंबिवलीचे असते, तर एकूण फरक तेवढेच राहिले असते, पण गट पडले नसते.

म्हणून एका कागदावर टीममधल्या प्रत्येकाचं नाव लिहा, आणि समोर काम, भाषा, अनुभव, राहतं ठिकाण, घरी जायची वेळ. रेषा डोळ्यांना दिसते. मग तिला आडवे छेद द्या. जोडीनं काम देताना रेषेच्या दोन्ही बाजूंचा एकेक घ्या. बसायच्या जागा मॉड्यूलप्रमाणे, म्हणजे प्रणालीच्या भागाप्रमाणे लावा, पदाप्रमाणे नाही. नवा माणूस घेताना "आमच्याच कॉलेजचा आहे, लगेच रुळेल" हे कारण मी तरी मानत नाही. आपल्याला जे येत नाही ते त्याला येतं का, हे विचारा.

आणि मराठीबद्दल मनापासून सांगते. आपण आपल्या गावात आहोत, डबा खाताना मराठीत बोलणारच, बोललंच पाहिजे. पण जेवणाच्या टेबलावर मराठीत झालेला निर्णय कोईमतूरच्या मुलीपर्यंत पोचत नाही, आणि मग तिच्या मॉड्यूलमध्ये घोळ झाला की दोष तिला मिळतो. गप्पा कुठल्याही भाषेत मारा, निर्णय मात्र सगळ्यांना समजेल त्या भाषेत चॅनलवर लिहिलाच पाहिजे. हाच नियम हिंदी आणि तमिळ बोलणाऱ्या गटालाही लावा.

गट एकमेकांशी बोलत नसले की ते कोडमध्येही उतरतं. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवलंय की संस्थेत संवादाची जशी रचना, तशीच तिनं बनवलेल्या प्रणालीची रचना होते. याचं अगदी साधं उदाहरण: एका गटानं वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवली, दुसऱ्यानं ती भारतीय वेळ समजून वाचली. साडेपाच तासांचा फरक. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत भरलेला प्रत्येक हप्ता आदल्या दिवशी भरल्यासारखा दिसतो. पाच तारखेला रात्री दोन वाजता भरलेला हप्ता चार तारखेचा होतो, आणि उशिराचा दंड लागायला हवा तिथं लागत नाही. दोघांनी एकदा चहाला भेटून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

माणसं वाढवताना हेही मोजा. नऊ जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या ३६ जोड्या होतात, दहावा आला की ४५. एका माणसानं बोलण्याच्या नऊ वाटा वाढवल्या. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी चार जण टाकायचा आग्रह वरून आला, तर हा हिशोब मांडून दाखवा.

रात्रीचा कॉल आणि गणपती

आपल्याकडे मनं सगळ्यात जास्त दुखावतात ती तिसऱ्या प्रकारच्या वादात, आणि लीडला ती दिसतात सगळ्यात उशिरा.

न्यूयॉर्कच्या क्लायंटला सकाळी साडेनऊला कॉल हवा असतो. उन्हाळ्यात ते आपल्याकडे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली की रात्रीचे आठ. ऐरोलीतच राहणाऱ्याला हा तासाचा फरक जाणवतही नाही. बदलापूरला जाणाऱ्या बाईला तो पाळणाघराच्या वेळेवर, स्वयंपाकावर, ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीवर मोजावा लागतो. ती एक-दोनदा कॉल सोडून उठते, आणि मग "तिला कामात रस नाही" असं कुणीतरी म्हणतं. हे ऐकू आलं की समजा, वेळापत्रकाचा प्रश्न होता, तुम्ही तो वेळेत सोडवला नाही म्हणून तो माणसावर गेला. कॉलची पाळी लावा. लांब राहणाऱ्यांना त्या दिवशी घरून काम करू द्या. ज्याची पाळी नाही त्यानं आपला मुद्दा दुपारीच लिहून द्यायचा, म्हणजे त्याचं म्हणणं वगळलं जात नाही.

सुट्ट्यांचं असंच. गणपतीत अर्धी टीम कोकणात, ओणमला केरळची मंडळी, छठला बिहारची, ईदला, नाताळाला आणखी कुणी. प्रोडक्शन सपोर्टला माणूस तर रोज लागतो. हा तक्ता सण तोंडावर आल्यावर करू नका. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तक्ता त्याच्या आधी टीमच्या हातात पडला पाहिजे, नाहीतर लोक तिकीट काढून बसतात आणि मग कुणी रद्द करायचं यावरून जुंपते. दुसऱ्याच्या सणाला कोण थांबलं याची नोंद ठेवा, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं थांबणार नाहीत हे बघा.

मूल्यांचा वाद सुरुवातीलाच काढा

एकाला वाटतं, तारीख पाळणं म्हणजे शब्द पाळणं. दुसरीला वाटतं, माहीत असलेला बग घेऊन प्रोडक्शनला जाणं म्हणजे ग्राहकाला फसवणं. दोघंही सज्जन आहेत, आणि रिलीजच्या आदल्या रात्री दोघं एकमेकांना बेजबाबदार म्हणणार आहेत. या फरकावर समजुतीचा उतारा चालत नाही, लेखी नियम लागतो. प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना बसवून ठरवा: काम झालं म्हणजे काय? कुठल्या तीव्रतेचा बग असला तर रिलीज थांबेल? थांबवायचा अधिकार कुणाचा? त्यावर भरपूर वाद होऊ द्या, तेव्हा कुणाचं काहीच पणाला लागलेलं नसतं. आदल्या रात्री मग माणसाचा कस लागत नाही, फक्त कागद उघडून वाचायचा असतो.

गप्प टीमला शांत टीम समजू नका

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. औषधं देण्यातल्या चुका ज्या टीममध्ये जास्त नोंदल्या गेल्या, त्या टीम उलट एकमेकांशी चांगल्या वागणाऱ्या निघाल्या. तिथं लोक चुका न घाबरता सांगत होते. ज्या स्प्रिंटमध्ये एकही आक्षेप आला नाही, एकाही एस्टिमेटवर कुणी भुवई उंचावली नाही, तिथं मला काळजी वाटते.

आपल्याकडे सिनियरसमोर बोलायचं नाही हे घरातूनच शिकवलेलं असतं, आणि क्लायंट कॉलवर असेल तर बोलणं आणखीच बंद. म्हणून डिझाइनच्या मीटिंगमध्ये आधी पाच मिनिटं सगळ्यांना लिहायला लावा, मग सगळ्यात ज्युनियरला पहिल्यांदा बोलायला द्या, लीडनं शेवटी. "कुणाला काही प्रश्न?" असं विचारलं की सगळे माना हलवतात. "हे प्रोडक्शनला पडलं, तर कशामुळं पडेल?" असं विचारा. या प्रश्नात आक्षेप घेणं हेच काम असतं, त्यामुळे फ्रेशरलाही तोंड उघडता येतं.

काय वाद नाही

कुणाच्या जातीवरून, बाईपणावरून, धर्मावरून, उच्चारावरून बोललं गेलं, तर त्याला टीममधला मतभेद म्हणू नका. दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं हा तिथं अन्याय आहे. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. लीडनं स्वतः चौकशी करत बसू नये. जिला त्रास झालाय तिला समितीतल्या सदस्यांची नावं आणि ही मुदत लगेच सांगा, आणि तक्रार केल्यामुळं तिचं काम, रेटिंग, शिफ्ट यातलं काही बदलणार नाही याकडे स्वतः लक्ष द्या.

बाकी, सगळं करूनही दोन माणसांचं जमत नाही, असं कधी कधी होतं. तेव्हा त्यांना वेगळ्या मॉड्यूलवर टाका, पण स्प्रिंटच्या अधेमधे नको, आणि जो जास्त ओरडला त्याच्या सोयीनं तर अजिबात नको. कोण हलणार हे कामाच्या गरजेवर ठरवा आणि ती गरज दोघांनाही तोंडावर सांगा. हँडओव्हर लेखी घ्या, तिसऱ्या माणसाला सोबत बसवा, आणि ॲप्रेझलच्या वेळी या बदलाचा उल्लेख दोघांच्याही फाइलवर एकाच शब्दांत करा.